समोरच्या खुर्चीवरची टोपी

भंडारा जिल्ह्यात पोटासाठी खाणारी माणसं पुष्कळ, जिभेसाठी खाणारीही कमी नाहीत. पण सुखानं खायला बसायचं कसं, हे आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाला कळत होतं, आणि ते माणूस म्हणजे माझी थोरली मावशी. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मी मुळात फार बोलत नाही. आयुष्यात एकदाच चारचौघांत मोकळा बोललो, आणि जे बोललो ते आज पन्नाशी गाठली तरी घशाखाली उतरत नाही. म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो. माझं पुढं येईलच.

मावशी तुमसरहून एसटीनं तासाभरावर असलेल्या खेड्यात राहायची. मावसाजी लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. दीर, जाऊ, पुतणे, सुना असं धानाच्या शेतीत राबणारं भरलं घर होतं, आणि दोन वेळच्या पंगती वाढायचं काम तिच्याकडे होतं. फक्त बाजाराच्या दिवशी ती तुमसरला यायची. घरचा बाजार आपल्याशिवाय कोणाला जमत नाही, असं तिनं सगळ्या घराला पटवून दिलं होतं. दिरानं एकदा स्वतः जाऊन बाजार आणला, तर मावशीनं त्याची वांगी एकेक करून अंगणात मांडली आणि कोणत्या वांग्यात किती किडे आहेत ते न चिरता सांगितलं. चिरल्यावर हिशेब बरोबर निघाला. त्यानंतर दिरानं पिशवीला हात लावला नाही.

एसटीत तिला खिडकीचीच जागा लागे, आणि तीही उन्हाच्या उलट बाजूची. आमच्याकडं गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, काहीही आत टाकून जागा धरतात. मावशीनं सुरुवातीला पिशवी टाकून पाहिली. लोक ती उचलून खाली ठेवत आणि खुशाल बसत. मग एक दिवस तिनं मावसाजींची पांढरी टोपी आत टाकली. गाडी गच्च भरली, माणसं दांडीला लोंबकळली, पण टोपीच्या जागेवर कोणी बसलं नाही. त्या दिवशी तिला जगाची किल्लीच सापडली. "बाईची पिसवी असली का सामान होते, अन् माणसाची टोपी असली का माणूस होते," असं ती मला पुढं म्हणाली. तेव्हापासून ती टोपी दर आठवड्याला धुऊन, पेजेची खळ देऊन, कडक करून पिशवीत ठेवायची. नवऱ्यामागं इतकी वर्षं त्याची टोपी खळीची ठेवणारी बाई म्हणून गावात तिची मोठी कीर्ती होती. सुनांना तिचं उदाहरण देत.

मी पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कारकून लागलो आणि बाजाराजवळ खोली घेऊन राहिलो. मावशी उतरली की आधी माझ्या खोलीवर येई, पिशव्या ठेवी, आणि माझ्या फळीवर मागं ठेवलेला तिचा वासाचा साबण काढी. ती वडी वर्षभर पुरायची, कारण ती फक्त बाजाराच्या दिवशी ओली व्हायची. तोंड धुऊन मावशी आधी सगळा बाजार उरकायची. जिऱ्याची पुडी राहिली असेल तर जिलेबीत जिरंच लागतं, असं तिचं मत. बाजार झाला, पिशव्या माझ्या खोलीत आल्या, की ती लुगड्याच्या निऱ्या नीट करायची आणि "येतो जरासी" म्हणून तासभर नाहीशी व्हायची. मी समजे, देवळात जात असेल.

एकदा मिलच्या कामानं मी बाजारातल्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. आत एका बाजूला हिरवा पडदा लावलेली खोली होती आणि तिच्यावर 'फॅमिली रूम' अशी पाटी. पडदा वाऱ्यानं उडाला आणि आत मावशी दिसली. पंख्याच्या अगदी खाली, पाठ ताठ करून बसलेली. तिच्यासमोर बशीत आलुबोंडा, वर तिखट रश्शाची तर्री. टेबलाच्या पलीकडं रिकामी खुर्ची, तिच्यावर मावसाजींची टोपी, आणि टोपीपुढं वाफाळता चहा.

तिनं मला पाहिलं आणि जराही न गडबडता बाजूच्या खुर्चीकडं बोट केलं. "बस. पण त्यायची टोपी हालवू नोको."

गोष्ट अशी होती, की ती पहिल्यांदा एकटी आली तेव्हा मालक अडखळला. एकट्या बाईला बाहेर बाप्यांत कसं बसवायचं, आणि आत तर फॅमिली लागते. संगं कोणी आहे का, असं त्यानं विचारलं. मावशीनं पिशवीतून टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि सांगितलं, "येऊन राहिले." मालकानं दोन कप आणले. तासभर झाला, कोणी आलं नाही. मालकाच्या सगळं ध्यानात आलं, पण तो बोलला नाही, आणि पुढच्या बाजारापासून न सांगता दोन कप येऊ लागले. आपला चहा मावशी तहानेसाठी प्यायची आणि मावसाजींच्या वाट्याचा चहा विचार करण्यासाठी. तोवर तो नेमका हवा तेवढा कोमट झालेला असे. "जितेपनी त्यायनं मले कधी हॉटेलात नेलं नाही," ती म्हणाली, "आता दर बाजारी मीच नेतो त्यायले."

त्या दिवसापासून मला अधूनमधून आत बसायची परवानगी मिळाली. मी काय काय शिकलो ते सांगत बसलो तर कागद पुरणार नाही. आधी तिखट, मग गोड, मग चहा. हा क्रम मोडणाऱ्याला ती लहान समजे. जिलेबी पहिल्या घाण्याची नाही घ्यायची, कारण तेव्हा कढई झोपेत असते. दुसऱ्या घाण्याची घ्यायची. एकदा मालकानं गडबडीत सकाळची जिलेबी आणली. मावशीनं एक कडं उचललं, कानाजवळ नेलं, दोन बोटांत दाबलं, आणि बशी मालकाकडं सरकवली. "बोलत नाही हे." मालकानं कढईखालचा जाळ वाढवला. पंखा हा तिच्या लेखी एक पदार्थच होता. तिच्या घरी तेव्हा वीज नव्हती. हॉटेलातली लाइट गेली तर ती हातातला घास बशीत ठेवी आणि पंखा फिरेपर्यंत थांबे. उन्हाळ्यात गोटीचा सोडा घेई, आणि गोटी स्वतःच्या अंगठ्यानं दाबी; ते काम दुसऱ्यानं केलेलं तिला चालत नसे. आणि घरी कधी काही बांधून नेत नसे. मी एकदा विचारलं, की पुतण्यांच्या मुलांसाठी पेढे नेत का नाही. म्हणाली, "पुड्यात बांधलं का मिठाईचं सामान होते." मग आपणच म्हणाली, "घरी मी साऱ्यायले वाढतो, बाबू. आठ दिवसांतून एक डाव मले कोणी वाढलं पायजे."

एवढंच होतं तिचं मागणं. मला ते ठाऊक होतं. पुढचं मी केलं ते हे ठाऊक असताना केलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिलमध्ये यंत्रांची पूजा झाली आणि मग जेवण. जेवणानंतर सगळे बांबूच्या तट्ट्यावर पसरले आणि गोष्टी सुरू झाल्या. मला मिलमध्ये 'मुका' म्हणत. फोरमन दरवर्षीप्रमाणं म्हणाला, "आज मुकाबी बोलल काहीतरी." आणि काय झालं कोण जाणे, मी बोललो. माझ्या मावशीची गोष्ट आहे म्हणालो, आणि टोपी, दोन कप, 'येऊन राहिले', सगळं सांगितलं. लोक हसले. मी आणखी सांगितलं. उठून उभा राहिलो आणि जिलेबी कानाला लावून दाखवली. माणसं पोट धरून लोळली. फोरमननं माझ्या पाठीवर थाप मारली आणि हमालसुद्धा जवळ सरकले. लोकांना हसवण्यात इतकी गोडी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या गोडीत मी हॉटेलचं नावही सांगून टाकलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फोरमन आणि दोघं जण दुपारी चहाला निघाले आणि मला म्हणाले, चाल. कुठं चाललेत ते मला कळलं होतं. पोटात दुखतं म्हणता आलं असतं. आधी धावत जाऊन मावशीला उठवता आलं असतं. यातलं मी काही केलं नाही. त्यांच्या मागं मागं गेलो आणि बाहेरच्या टेबलावर पडद्याकडं पाठ करून बसलो.

फोरमननं पडदा बाजूला केला आणि अदबीनं विचारलं, "काकू, साहेब आज उशीर करून राहिले का? आम्ही थांबू का त्यायच्यासाठी?" मग त्यानं टोपी उचलून आपल्या डोक्यावर घातली आणि हॉलकडं वळला. हॉल हसला. मालक गल्ल्यावरून उठला होता, पण तोही तिथंच थबकला.

मावशीचा आवाज चढला नाही. मला मागं न पाहताही प्रत्येक शब्द ऐकू आला. "टोपी त्यायचीच आहे. पन ते तुयासारखे नोहते, बाबू. बाईले पुसल्याबिगर ते पडदा नोहते उचलत."

हसणं बंद झालं. फोरमननं टोपी काढून टेबलावर ठेवली. मावशीनं आपला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, घाई न करता. मग टोपी उचलली आणि दुसरा कप तसाच ठेवून ती माझ्या पाठीमागून निघून गेली. मी खोलीवर आलो तेव्हा पिशव्या नव्हत्या.

ती पुन्हा त्या हॉटेलात गेली नाही. बाजाराला येत राहिली, माझ्याकडं पिशव्या ठेवत राहिली, मला एका शब्दानं विचारलं नाही. मी दर बाजारी तिच्यासाठी पुडा आणून ठेवू लागलो. कधी जिलेबी, कधी बालुशाही, कधी पेढे. ती खाई आणि "चांगली आहे" म्हणे. ज्या बाईनं उभ्या जन्मात कोणत्याही पदार्थाला नुसतं चांगलं म्हटलं नव्हतं, ती आता सगळ्यालाच चांगलं म्हणायची. कढत की शिळं, तिखट आधी की गोड, कशाचीच विचारपूस नाही. वर्षामागून वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, फोरमन मिल सोडून दुसऱ्या गावी गेला. मी पुडे आणत राहिलो.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी, नऊ-दहा वर्षांनी, घरात कोणी नसताना मी पुडा तिच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, "मावशी, ते मी सांगितलं होतं. मिलमध्ये. मीच."

तिनं पुड्याचा दोरा सोडवला. "मालूम आहे मले," ती म्हणाली. "तू हॉटेलात सिरला का पयले पडद्याकडं पाहाचा. त्या दिवसी पाठ करून बसला होता."

"मग बोलली काहून नाही?"

"काय बोलू गा? तू कोनासीच बोलत नोहता. मले वाटलं, चाला, मायावरून तरी पोट्ट्याचं तोंड उघडलं."

तिच्या रागाची माझी तयारी होती, या उत्तराची नव्हती. मी उठलो, सदरा घातला आणि म्हणालो, चल, आज मी तुला नेतो, त्याच हॉटेलात, माझ्यासोबत बस, बघू कोण काय बोलते ते.

मावशी माझ्याकडं बघत राहिली. मी तिची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती, पण मला ती समजलीच नव्हती, हे मला त्या नजरेत दिसलं. "तू कायले?" ती म्हणाली. "नेनारा असता तं टोपी कायले ठेवली असती? मले एकटीलेच बसाचं होतं तिथं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं: "आता मास्तरनी, कॉलेजच्या पोरी, साऱ्या बसून राहिल्या म्हनते बाहेर." पुडा तिनं तसाच उघडा ठेवला. फळीवरच्या साबणानं तोंड धुतलं, निऱ्या सारख्या केल्या, आणि मला न बोलावता, टोपीची पिशवी तिथंच ठेवून, रिकाम्या हातानं बाहेर पडली.

मी काही वेळानं निघालो आणि हॉटेलसमोर रस्त्याच्या पलीकडं, सायकलच्या दुकानापाशी उभा राहिलो. फॅमिली रूमची भिंत पाडून हॉल मोठा केला होता. मावशी हॉलच्या मधोमध बसली होती. आजूबाजूला बाजाराला आलेली माणसं, एका टेबलावर तीन-चार मुली. कोणी तिच्याकडं बघत नव्हतं. मालक, आता केस पिकलेला, स्वतः बशी घेऊन आला. बशीत काय होतं ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. ती त्याला काहीतरी म्हणाली, लांबलचक, बोट उगारून. तो मान हलवत ऐकत होता आणि मग बशी उचलून परत आत घेऊन गेला.

ऊन माझ्या डोक्यावर आलं. सायकलवाला दोनदा म्हणाला, भाऊ, आत बसा ना. माझा पाय हॉटेलकडं ओढत होता. जाऊन तिच्यासमोर बसावं, एकदा तरी सरळ तिच्याकडं तोंड करून बसावं, असं फार वाटत होतं. मी गेलो नाही. मालकानं नवी बशी आणली आणि मावशी जेवल्यासारखी सावकाश खाऊ लागली. तिला वाढायला एक माणूस उभा होता, आणि तो मी नव्हतो.