आमच्या शॉपमधला मास्टरमाईंड

कारखान्यात लोखंडाचा भुगा रोज झाडून काढतात, किस्से मात्र कुणी झाडत नाही. ते साठतच जातात! आमच्या कागल एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये निम्मे किस्से एकट्या शामरावमामांचे. मामा सुपरवायझर, आणि प्लॅनिंगचा भारी नाद. काही झालं की मला म्हणणार, "लिहून ठेव!"

*

मामांना पदवी कशी मिळाली ते सांगतो. नवीन मशीन आलं. मामांनी दार मोजलं, मशीन मोजलं, फोर्कलिफ्टवाल्याला दोनदा झापलं. मशीन बरोब्बर जागेवर बसलं! मग कळलं, फोर्कलिफ्ट मशीनच्या मागं भिंतीकडं अडकलीय.

साहेब तापले. "ह्यामागचा मास्टरमाईंड कोण?"

मामांनी छाती काढून हात वर केला. "मीच की साहेब!"

*

एकदा मी मुद्दाम पेपर दाखवला. "मामा, टोळीचा मास्टरमाईंड सापडला म्हणं. चोरालाच म्हणतात की असं!"

मामांनी चष्मा लावून अख्खी बातमी वाचली. "सापडला न्हवं? मग कसला मास्टरमाईंड! प्लॅनिंगच कच्चं. पेपरवाल्यास्नी शब्द वापराय येत न्हाय. लिहून ठेव!"

*

उचगावात माझ्या शेतावर मटणाची पार्टी ठरली. कुणी काय आणायचं, यादी मामांची. भाकरी, कांदा, मसाला, पातेली, लाकडं, दात कोरायच्या काड्यासुद्धा! बाराजण जमलो, चूल पेटली, पाणी उकळलं. मटण कुणाकडंच नाही.

"मटण काय लिवाय लागतंय व्हय? मटणाची पार्टी म्हटल्यावर आलंच की त्यात!"

भाकरी-कांदा खाऊन परत आलो.

*

आमचा सागर, मशीन ऑपरेटर. पोरगं गुणी, पण लग्न ठरेना. आमच्याकडं मुलीकडचे पावणे गुपचूप कारखान्याच्या गेटवर चौकशी करून जातात, आणि आमची माणसं तोंडाची मोकळी! एका स्थळाला वॉचमन म्हणाला, "चांगलं हाय, पण जरा बावळट." दुसऱ्याला चहावाला म्हणाला, "मित्र लई खुळे हाईत त्येचे." दोन्ही मोडली. सागर डबा खाईना. "मामा, हे तिसरं मोडलं तर मी पुन्हा पोरगी बघायला जाणार न्हाय."

झालं, मामांनी प्लॅन केला. कुणीही विचारलं तरी सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचं. आठवडाभर पाठ करून घेतलं.

कुरुंदवाडहून मुलीचे चुलते आले. वॉचमन म्हणाला, "पोरगं हिरा हाय, सुपारीचं खांडबी खात न्हाय." चहावाला तेच म्हणाला. मला विचारलं, मीपण तेच म्हणालो. शेवटी पावणे मामांसमोर उभे राहिले. मामांनी तोंड उघडायच्या आत पावणे स्वतःच म्हणाले, "पोरगं हिरा हाय, सुपारीचं खांडबी खात न्हाय. हेच न्हवं?"

आमची पाचावर धारण बसली! आतल्या बाजूला उभ्या सागरनं मान खाली घातली.

पावणे मिशीत हसले. "मी तीस वर्सं नोकरी केली. माझ्यासाठी कुणी एक शब्द पाठ केला न्हाय. ह्या पोरासाठी अख्खा कारखाना पाठांतर कराय लागलाय! बोला, सुपारी कधी फोडूया?"

सागर रडतच त्यांच्या पाया पडला. माझेही डोळे भरले. मामा रुमालानं घाम पुसत माझ्या कानाशी आले.

"हेबी प्लॅनमधीच हुतं. लिहून ठेव!"