अर्धा इंच माया

शाळेच्या कचेरीत नोकरी बाईंची, आणि सगळी गल्ली ‘मास्तर’ म्हणायची ती त्यांच्या नवऱ्याला. मास्तर कपडे शिवायचे. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, मागच्या दोन खोल्यांत संसार, मध्ये एक पडदा. त्या पडद्याची शिवण गेली सात वर्षं उसवलेली होती, पण ते असो. शिवणाऱ्याच्या घरचा पडदा उसवलेलाच असायचा.

मास्तरांचा स्वभाव तसा गरीब. गिऱ्हाइकाने बाही तीनदा बदलायला लावली तरी हूं की चूं नाही. पण त्यांच्या मोठ्या कात्रीला कुणी हात लावला, की मग खैर नाही. त्या कात्रीने फक्त कापड कापायचं. कागद नाही, दोरी नाही, काही नाही. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात बाईंनी तिच्याने गुलाबाचे देठ कापले. मास्तर आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, तेही ‘चहा’ एवढंच. बाईंनी मुकाट्याने स्वतःची छोटी कात्री आणली आणि विषय संपला. संपला म्हणजे कसा, तेहेतीस वर्षं कुणी काढला नाही इतकंच.

फुलं मात्र घरात येतच राहिली. दर शनिवारी कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून बाई मूठभर फुलं आणायच्या आणि तासभर त्यांच्यात रमायच्या. “चार दिवसांत माना टाकणार, त्यांचे एवढे लाड!” मास्तर पडद्याआडून म्हणायचे. “तुमच्या पँटी तरी कुठे जन्मभर पुरतात?” बाई उत्तर द्यायच्या. हे संभाषण दर शनिवारी व्हायचं. एखाद्या शनिवारी झालं नाही तर दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेने त्यांना भलाथोरला गुच्छ दिला. गुलाब, जरबेरा, शेवंती, काय विचारता! आयुष्यात कुणी आपणहोऊन फुलं दिली, ही पहिलीच वेळ. मास्तरांनी कधी दिली नव्हती का? नव्हती हो. घरात आहेतच की, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गुच्छासाठी पाणी आणताना बाई ओल्या फरशीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याची गाडी आली, त्यांना उचलून आत ठेवलं, आणि बाई कण्हत म्हणाल्या काय, तर, “अहो, माझी फुलं. मी येईपर्यंत टिकवा.”

“टिकवतो गं, टिकवतो,” मास्तर म्हणाले. ऑपरेशन उद्या, आणि डॉक्टर दहा दिवस ठेवून घ्यावं लागेल म्हणत होते. मास्तर घाबरले होते, खोटं कशाला बोला. आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काहीही शिरतं. त्यांच्या डोक्यात शिरलं की फुलं टिकली तर बाई धडपणे घरी येतील. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते?

मग मास्तर कामाला लागले. टेप काढली, सगळे देठ मोजले, आणि स्वयंपाकघरातल्या सुरीने सगळे बरोब्बर साडेसात इंचांवर सरळ कापले. उंचीप्रमाणे ओळीने लावले, हँगरवर शर्ट लावावेत तसे. ऊन चांगलं म्हणून बरणी खिडकीत ठेवली. दोन दिवसांत जरबेऱ्यांनी माना टाकल्या आणि गुलाबांची तोंडं उतरली.

ऑपरेशन नीट पार पडलं होतं. तिसऱ्या दिवशी मास्तर भेटायला निघायच्या आधीच दवाखान्यातून बाईंचा फोन आला. पहिला प्रश्न, “फुलं कशी आहेत?”

“ठणठणीत.”

“जरबेरे गेले ना?”

“तुला कसं कळलं?”

“तुमच्या आवाजावरून. आता नीट ऐका. आधी उन्हातून काढा. पाणी रोज बदला. पाण्यात बुडतात ती पानं खुडून टाका. आणि देठ तिरके कापा, सरळ नाही.”

“म्हणजे उरेब!”

“हो, तुमचं ते उरेब. रोज थोडं कापायचं, अर्धा इंच. उद्या परत कापायचंय, तेव्हा माया ठेवा.”

मास्तर हसले. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला, कपडा आवळला, की उसवून ती माया सोडायची. हा शब्द त्यांचा, पुढच्या खोलीतला. पडद्यामागे राहून बाईंनी तो कधी उचलला, कोण जाणे.

“कशाने कापताय?” बाईंनी विचारलं.

“सुरीने.”

“देठ चिरडतो त्याने. पाणी वर चढत नाही. धारेची कात्री हवी.”

“तुझी कुठे आहे?”

“शाळेत नेली होती, तिथल्या खणातच राहिली वाटतं.” घरात दुसरी धारेची कात्री कुठली, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी बाईच म्हणाल्या, “राहू द्या. सुरीने कापा हळूहळू.”

मास्तरांनी फोन ठेवला. मोठी कात्री काढली, पुसली, परत ठेवली. पुन्हा काढली. आणि कच्चकन पहिला देठ कापला.

नेमकं तेव्हाच पँट शिवायला टाकलेलं एक गिऱ्हाईक दारात. “मास्तर! त्या कात्रीने?”

“तुझी पँट शुक्रवारी मिळेल,” मास्तर म्हणाले, “आणि नाक खुपसलंस तर पुढच्या शुक्रवारी.”

रोज सकाळी हाच क्रम सुरू झाला. पाणी बदल, अर्धा इंच काप. पण दहाव्या दिवशी बाईंना ताप भरला आणि मुक्काम वाढला. तिकडे ताप उतरेना, इकडे देठ आखूड होत चालले. बरणीतून फुलं पेल्यात आली, पेल्यातून कपात. गुलाब गळले, शेवंत्यासुद्धा एकेक करून गेल्या. मास्तरांचं जेवणात लक्ष लागेना. फुलवाली म्हणाली, “मास्तर, नवा गुच्छ न्या की. त्यांना काय कळतंय!”

“जुन्याच्या जागी नवं ठेवून फसवणाऱ्यातला मी नाही,” मास्तर ताडकन म्हणाले. खरं तर आदल्या रात्री हाच विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता.

सोळाव्या दिवशी बाई घरी आल्या. वॉकर टेकत, एकेक पाऊल टाकत, पण आल्या. पडदा बाजूला करून टेबलापाशी थांबल्या. टेबलावर बटणांची डबी होती. बटणांमध्ये मास्तरांचं अंगुस्तान उलटं रोवलेलं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते. त्यात चमचाभर पाणी आणि एकच पांढरी शेवंती. देठ जेमतेम बोटाच्या पेराएवढा. कडेच्या पाकळ्या तपकिरी झाल्या होत्या, पण मान ताठ होती.

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या मोठ्या कात्रीकडे. पात्यांवर हिरवे डाग पडले होते.

“ही वापरलीत?” बाईंचा आवाज एवढासा झाला.

“मग काय करणार,” मास्तर म्हणाले. “एवढीच राहिली गं. बाकीच्या गेल्या. फार भीती वाटत होती मला.”

फुलांची नव्हे, हे बाईंना कळलं. त्यांनी डोळे पुसले आणि नाक ओढत म्हणाल्या, “आजचा काप घेतलात का?”

“नाही. तुझ्यासाठी ठेवलाय.” मास्तरांनी कात्री उचलली, मूठ बाईंच्या बाजूला केली आणि तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्या हातात दिली. “जपून काप. माया ठेव.”