मधोमधचा ठिपका

वहिनी माझ्याच कारखान्यात कामाला आहेत, हे मी एरवी मिरवायचो. त्या महिन्यात मात्र मला त्यांचं तोंडही बघवत नव्हतं.

वीज सोडली की उजळणारं पॉलिमर मी बनवायचो. पिवळसर, चिवट, महाहट्टी. त्याचा पातळ थर काचेच्या पट्टीवर चढला की पट्टी वहिनींच्या काळ्या पडद्यांच्या खोलीत जायची. डावा डोळा मिटून त्या भिंगातून तिचा उजेड तपासायच्या. काळा ठिपका दिसला, म्हणजे आत दमट हवा शिरली. तो पसरत पसरत सगळी पट्टी गिळणार. वहिनींनी नापास केलेली पट्टी पुन्हा बघायच्या भानगडीत कोणी पडत नसे, एवढा त्यांच्या नजरेचा दरारा.

आणि माझा माल एकामागून एक नापास होत होता. आणखी एक घाणा वाया गेला तर तुम्हाला घरी बसवावं लागेल, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. मी भांडी पुन्हापुन्हा धुतली, नळ्या बदलल्या. घरी वहिनींशी बोलणं टाकलं. चहा ओतताना त्यांच्या हातून कपाबाहेर सांडायचा, तेव्हा वाटायचं, मन खात असेल. खाऊ दे.

तोही घाणा नापास झाला आणि माझं डोकं फिरलं. तडक त्यांच्या खोलीत शिरून मी भिंगाला डोळा लावला. हिरवा उजेड, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ.

"कुठाय ठिपका?"

"मधोमध. सगळ्या पट्ट्यांत तिथेच येतोय."

आता सापडल्या, असं मला वाटलं. मी पट्टी सरकवली, तिचा कोपरा भिंगाखाली आणला आणि पुन्हा बघा म्हटलं. त्यांनी बघितलं. त्यांना ठिपका तरीही मधोमधच दिसला.

दिवा लावून मी त्यांना डावा डोळा झाकून भिंतीकडे बघायला सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग तशाच माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुमचं नाकच दिसत नाहीये," म्हणाल्या. हसायला गेल्या, पण हसू फुटेना.

माझी नोकरी वाचली होती. त्याचा आनंद मला क्षणभरही झाला नाही. चांगले डॉक्टर असतात, काहीतरी इलाज निघेल, असं मी बडबडत सुटलो. त्यांनी मला थांबवलं.

"हा वाढतो का हो?"

ठिपका एकदा आला की वाढतच जातो, हे त्यांना याच खोलीत मी शिकवलं होतं. मी त्यांची पिशवी उचलली आणि दार उघडलं.