हंडीच्या चित्राची बरणी

आमच्या घरात साहेबाचं खाणं उभ्या जन्मात एकदाच आलं. मुठीएवढी, पोट सुटलेली काचेची बरणी आणि तिच्यात काळंकुट्ट चिकट चाटण. निजामाचं राज्य होतं, तिकडं कुठंतरी लढाई चालली होती, आणि आम्ही माकणीच्या अलीकडं तेरणेच्या काठाला राहत होतो. चहासुद्धा पाव्हणा आला तरच व्हायचा आमच्यात. तिथं हे असलं!

आणलं होतं माझ्या मोठ्या दिरांनी, सोलापूरच्या मिशन दवाखान्यातून. माझी थोरली जाऊ पोटुशी होती. मी तिला अक्का म्हणायचे. चारचौघांत तुम्ही, आणि आम्ही दोघीच असलो की तू. तिचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं. ह्या वेळी तर तिच्या अंगात रक्तच राहिलं नव्हतं. नखं कवडीसारखी पांढरी, पाय सुजून टम्म, आडावरनं घागर आणायची तर मधे दोनदा बसायची. म्हणून दीर तिला गाडीत घालून सोलापूरला घेऊन गेले. तिथल्या गोऱ्या मडमेनं तिच्या डोळ्याच्या पापण्या ओढून बघितल्या आणि ही बरणी हातात ठेवली. रोज सकाळ-संध्याकाळ चमचाभर, बाळंत होईपर्यंत. चुकवलं तर बाई हाताला लागायची नाही, असं तोंडावर सांगितलं.

येताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर जवानानं बरणी उघडायला लावली. "ये क्या है, बूटपालिश?" म्हणत त्यानं बोटभर चाटून बघितलं आणि तिथंच पचकन थुंकला. "तौबा तौबा! गोरे लोगां ये खातें?" त्यानं महसूल तर घेतला नाहीच, उलट दिरांना प्यायला पाणी दिलं म्हणे.

घरी आल्यावर आमचीही तीच गत. माझे मालक वास घेऊन म्हणाले, "गाडीच्या आसाला घाला, चाकं वाजायची न्हाईत." सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, नाकाला पदर लावला. मी आगाऊ. मी बोट घालून चाटलं. आधी मीठ, मग कडू, आणि मागनं करपलेल्या डाळीच्या भांड्याचा वास! चूळ भरून भरून दमले. मेले एवढ्या मुलखावर राज्य करतात आणि खातात हे?

अक्कानं पहिल्या दिवशी ते मडमेनं सांगितल्यासारखं गरम पाण्यात घेतलं आणि सगळं ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या मनानं ते तव्यावरच्या भाकरीला फासलं. मी बघतेय तर अख्खी भाकरी गेली! "खारं हाय ग," ती म्हणाली. "बरं लागतंय तोंडाला." महिना महिना जिच्या घशाखाली घास उतरत नव्हता ती भाकरी मागून घ्यायला लागली. मी तिला चिडवायचे, कुणाला चिंचेचे डोहाळे लागतात, कुणाला मातीचे, आमच्या अक्काला साहेबाच्या वंगणाचे. ती हसायची. हसली की गालावर जरा रंग आल्यासारखा वाटायचा. मला तरी वाटायचा.

मग एका सोमवारी आमचे स्वामी भिक्षेला आले. आम्ही लिंगायत; स्वामी म्हणजे आमच्या घरचे गुरू. माणूस देवासारखा, कुणाच्या वाईटात नाही. त्यांची नजर फळीवरच्या बरणीवर गेली. बरणीवर कागद होता, त्यावर झाकण घातलेल्या हंडीचं चित्र. लिहिलेलं इंग्रजी कोण वाचणार? पण चित्र तर दिसत होतं.

"अव्वा," स्वामी आत्याबाईंना म्हणाले, "ह्या हंडीत काय शिजतंय म्हणं?"

झालं! आमच्यात आमटी तपेल्यात होते, भाजी भगुण्यात होते. हंडी म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यापुढं येते, जत्रेत लोक रानात चूल मांडून शिजवतात ती. आणि साहेब तर गाईलासुद्धा सोडत नाही. आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी अक्काच्या हातातली अर्धी भाकरी काढून घेतली, तिला चुळा भरायला लावल्या आणि दिरांना सांगितलं, "जा, इचारून ये. कशाचं हाय ते कळल्याबिगर बरणीला कुणी हात लावायचा न्हाई."

दीर परत सोलापूरला गेले. ते येईपर्यंत माझा जीव टांगणीला. मनात म्हणत होते, देवा, काही पण निघू दे, मांस नको निघू देऊस.

ते आले तेव्हा आत्याबाई देवळीपुढं बसल्या होत्या. "गळ्यातलं लिंग तळहातावर घे," त्या म्हणाल्या, "आन मग सांग."

दिरांनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं. "मांस न्हाई. मडमेनं शपथ घेऊन सांगितलं, मांसाचा कण न्हाई."

मी सुस्कारा सोडला. अक्का दाराआड उभी होती, तिनं माझा दंड धरला.

"मग कशाचं हाय?"

अहो, दिरांनी झाडपाल्याचं म्हणायचं! मुळीचं म्हणायचं! पण तळहातावर लिंग घेऊन आमच्या घरातलं माणूस खोटं बोलेल होय? "त्यांची ती बीर दारू असतीय," ते खाली बघत म्हणाले, "ती केल्यावर तळाला जो गाळ बसतो, त्याचं."

त्या मडमेचा मला असा राग आला! एवढं लांब दर्या ओलांडून आली, एवढी औषधं शिकली, आणि वेळेवर एक खोटं बोलायला शिकली नाही. मांस नाही म्हणून तिनं मोकळ्या मनानं खरं सांगितलं, आणि ते खरंच अक्काच्या मुळावर आलं. आमच्यात शिंदीच्या झाडाच्या सावलीला बसत नव्हते, तिथं दारूचा गाळ कोण खाणार?

बरणी गोठ्यातल्या कोनाड्यात गेली. औषध म्हणून दिरांच्यानं फेकवेना, आणि विटाळ म्हणून घरात ठेववेना.

एकदा मी तोंड उघडलं. म्हटलं, "आत्याबाई, आंबील बी आपण आंबवूनच पितो की."

"जीभ लई चालायला लागली तुजी," एवढंच त्या म्हणाल्या. धाकटी सून, माझं तिथं काय चालणार होतं?

आता कुणी म्हणेल सासू खाष्ट होती. मुळीच नाही. आपल्या वाटणीचं दूध त्या अक्काला द्यायच्या. खारीक, डिंक, गूळ-शेंगदाणे, तांदुळजाची भाजी, कुणी सांगेल ते करून घालायच्या. अक्का दोन घास खायची आणि ताट सारायची. तिची नखं पुन्हा पांढरी पडली. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मी रोज बघत होते. बघण्याशिवाय काय करत होते?

एकदा कोरडी भाकरी चावता चावता ती गोठ्याकडं बघत बसली. मी हळूच म्हटलं, "आणू का ग? कुणाला कळत न्हाई."

"नगं," ती म्हणाली. "चोरून खाल्लेलं अंगी लागत न्हाई. आन माज्यापायी घर बाटायला नगं." मग जरा वेळानं म्हणाली, "खारं होतं बग."

पुढच्या आठवड्यात पूजेची तयारी करताना ती न्हाणीच्या दगडावर कोसळली. आम्ही उचलून आणली. डोळे उघडे, पण ओठ मातीच्या रंगाचे. आत्याबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग उठल्या आणि गोठ्यात गेल्या.

बरणी घेऊन आल्या. अक्काच्या उशाशी बसल्या. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, आणि उजव्या हाताचं बोट बरणीत बुडवून आधी आपल्या तोंडात घातलं. कांदाभाकरीला हात लावण्याआधीसुद्धा लिंगाची पूजा करणारी ती बाई! गिळताना त्यांच्या डोळ्याला पाणी आलं.

"बग, म्या खाल्लं," त्या म्हणाल्या. "पाप असंल तर पयलं मला लागंल. आता तू खा, माज्या लेकी. आ कर."

अक्कानं आ केला. त्या बोटानं चाटवत होत्या आणि ती चाटत होती, लहान लेकरासारखी. दोघी रडत होत्या. मी चुलीपुढं उभी होते, मलाही रडू आवरेना. त्या दिवसापासून आत्याबाई स्वतः भाकरीला फासून तिला भरवायला लागल्या, आणि प्रत्येक वेळी पहिला घास आपण खायच्या.

पण दिवस कुठं राहिले होते? महिना भरायच्या आतच अक्का बाळंत झाली. पोरगी झाली, एवढीशी, पण खणखणीत रडली. अक्काला मात्र तेवढं रक्त जाणंसुद्धा झेपलं नाही. पोरीचं तोंड तिनं बघितलं. मला खुणेनं "घे" म्हणाली. मी घेतली.

आमच्या रीतीप्रमाणं अक्काला बसवून, हातात लिंग देऊन माती दिली. बरणी अजून अर्धी भरलेली होती.

सुतक आम्ही धरत नाही. स्वामी आले. आत्याबाईंनी तो गाळ खाल्ल्याचं गावभर झालंच होतं. स्वामी मायेनं म्हणाले, "अव्वा, मन घाबरं करू नगा. शुद्ध करून घेऊ. सोपं प्रायश्चित्त सांगतो."

आत्याबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "स्वामी, म्या खाल्लं त्याचं नगा सांगू. तिला खाऊ दिलं न्हाई, त्याचं काय असंल तर सांगा."

स्वामींनी वाकून पोरीच्या कपाळाला विभूती लावली. मग झोळी उचलून, भिक्षा न घेताच गेले.