मे महिन्यातला स्वेटर

कल्याणच्या बाजारात मी तांब्याच्या तारेचा भाव पाडत बसलो होतो, तेव्हा डोंबिवलीहून निरोप आला. रघुनाथ गेला. समोरचा व्यापारी मघापासून हटत नव्हता आणि मीही हटणार नव्हतो. निरोप ऐकला, त्याने सांगितलेलाच भाव कबूल केला आणि उठलो. असं मी कधी करत नाही. बघणाऱ्यांना वाटलं असेल, दुःखाने केलं. मी ते रागाने केलं होतं. हा माणूस माझं ऐकता तर आज जिवंत असता, असं मला तेव्हा वाटलं आणि आता महिना उलटून गेल्यावरही वाटतं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि कल्याणच्या लष्करी छावणीतला माल लिलावात निघू लागला. पंखे, रेडिओ, तारांची भेंडोळी... मी बोली लावायचो, रघू दुरुस्त करायचा, मी विकायचो. माझं शिक्षण बेताचं, तोंड तिखट. गिऱ्हाईक आणि मी हमरीतुमरीवर आलो की मागून रघू म्हणायचा, "शेठ, जरा पाणी पी." मला शेठ म्हणणारा तो पहिला माणूस; तेव्हा आमच्याकडे धड दुकानही नव्हतं, पत्र्याची शेड होती. रेडिओ उघडला की आतल्या काचेच्या व्हॉल्व्हजवळ तो उलटा हात धरून बघायचा, आई पोराचा ताप बघते तसा.

रघूच्या घरच्या रेडिओसाठी त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, क्रोशाचं झाकण विणलं होतं. रघू घरात शिरला की आधी ते काढायचा. "अगं, ह्याला झबलं कशाला घालतेस? तापला की स्टेशन सरकतं त्याचं." वहिनी म्हणायच्या, "चार माणसांत उघडाबोडका बरा दिसतो का?" तो अंघोळीला गेला की झाकण परत रेडिओवर.

मग मुंबईतल्या एका संस्थेत विजेवर गणितं करणारं यंत्र बांधायला घेतलं आणि रघू तिकडे गेला. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. दुकान आत्ता कुठे उभं राहत होतं. शेवटी तोच आला, चहा मागवला आणि माझ्या बशीकडे बोट दाखवून मला यंत्र समजावू लागला. "कपात दाटीने बसलेला चहा निवत नाही, बशीत पसरला की निवतो. यंत्रातल्या व्हॉल्व्हचंही तसंच. दाटीने बसवले की एकमेकांना तापवतात. लांब लांब बसवले तर तारा लांबतात, यंत्र मंदावतं. म्हणून खोलीच गार ठेवायची आणि मधून वारा खेळवायचा."

"आणि नाही ठेवली गार, तर?"

"बंद पडलं तर परवडलं रे. ते बंद पडत नाही. चालूच राहतं आणि खोटं उत्तर देतं. तेच गणित पुन्हा घाल, उत्तर निराळं."

त्या खोलीसाठी वहिनींनी त्याला राखाडी स्वेटर विणून दिला. भर मे महिन्यात डोंबिवलीच्या फलाटावर हा माणूस हातात स्वेटर घेऊन उभा. "काय रघुनाथराव, सिमला का?" लोक विचारायचे. "हो, संध्याकाळी परत," तो म्हणायचा आणि हसता हसता खोकायचा. त्याची छाती लहानपणापासून नाजूक. दिवसभर त्या गारठ्यात बसायचं आणि बाहेर पडलं की अंगावर भट्टी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ती खोली सोडा.

मी त्याच्या घरी गेलो. दुकानात निम्मी भागी देतो म्हणालो. पाटीवर तुझं नाव आधी. मग म्हणालो, फक्त सकाळी ये, दुपारी झोप. रघू हसला. "शेठ, स्वतःच भाव चढवतोयस. असा धंदा करतोस?"

"तुझ्यावाचून तिथे अडलंय का?" मी ओरडलो. "दुसरी माणसं नाहीत?"

"आहेत ना. चांगली आहेत. अडलेलं नाही काही." तो धाप लागून थांबला. "पण मला तिथे असायचंय..."

यावर काय बोली लावायची? आयुष्यात हा एकच सौदा मला मनापासून हवा होता. मी दार आपटून निघालो. पावसाळा संपता संपता त्याला न्यूमोनिया झाला.

तो गेल्यावर संस्थेतले एक गृहस्थ वहिनींना भेटायला आले होते. यंत्र आता फार उत्तम चालतंय, म्हणाले. वहिनी समोर होत्या म्हणून मी त्यांना सोडलं. यंत्राला गारवा लागतो हे त्या सगळ्या शहाण्यांना समजलं होतं. माणसाला ऊब लागते, हे बघणारं तिथे कोणीच नव्हतं?

परवा संध्याकाळी वहिनींकडे गेलो होतो. खुंटीवर स्वेटर होता. "वहिनी, तो मला द्याल?"

"तुम्हाला व्हायचा नाही तो, भाऊजी."

मी घासाघीस केली नाही. वहिनी रेडिओपाशी गेल्या. झाकण काढलं, घडी घातली आणि मग बटण फिरवलं. मी म्हणालो, "असू द्या ना ते. छान दिसतं."

"नको," त्या म्हणाल्या. "तापतो तो."

आवाज यायला वेळ लागतो. मग गाणं लागलं. थोड्या वेळाने गाण्यात खरखर सुरू झाली तेव्हा मी उठून रेडिओच्या पाठीमागे उलटा हात धरला आणि त्या बाजूची खिडकी उघडली.