अर्धा दात

माझा चुलतभाऊ सीमेवर मारला गेला आणि दोन महिन्यांत त्याच्या सगळ्या वाईट सवयी सुटल्या. तंबाखू सुटली, खोटं बोलणं सुटलं, दुसऱ्याच्या ताटातला पापड उचलणं सुटलं. गावातल्या भाषणांवरून असंही कळलं की तो लहानपणापासून पहाटे चारला उठायचा. आमच्या घराला त्यांच्या घराची भिंत लागून आहे. पहाटे चारला तो माझ्या आठवणीत एकदाच उठला होता, तेही पोट बिघडलं म्हणून.

लढाई थोड्याच दिवसांची होती. टीव्हीवर ती अजून चालू आहे. त्या थोड्या दिवसांतल्या एका दिवशी तोफेचा गोळा त्याच्या चौकीवर पडला. तो चोवीस वर्षांचा होता, मी एकवीस.

पेटी गावात आली तेव्हा पार जवळा बाजार गावाला जाणाऱ्या रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. पेटी उघडायची नाही, असं सोबत आलेल्या सुभेदारांनी हळू आवाजात सांगितलं. मोठी आई, म्हणजे त्याची आई, माझी थोरली चुलती, झाकणावरून हात फिरवत राहिली. तिला एकदा तोंड बघायचं होतं, एवढंच. ते तिला बघू दिलं नाही. का दिलं नाही हे सगळ्यांना कळलं होतं, तिलाही. पण कळणं आणि पटणं वेगळं.

त्या दिवसापासून तिनं त्याला शिव्या देणं बंद केलं. आधी आमची सकाळ भिंतीपलीकडून येणाऱ्या "भाड्या, ऊठ की!" या आरोळीनं व्हायची. तो फौजेतून सुटीवर यायचा तेव्हा त्याला गावच्या फाट्यापासून हार घालून आणायचे, आणि दारात मोठी आई म्हणायची, "भाड्या, बूट भायेर काढ." आता सगळं गाव त्याच्याबद्दल अहोजाहो बोलत होतं. बोलता बोलता तीही शिकली. "त्यायला भेंडी आवडायची," असं मानाच्या अनेकवचनात ती पोटच्या पोराबद्दल सांगायची, आणि त्या वेळी परक्याच्या लग्नात पंगतीला बसल्यासारखी अवघडलेली दिसायची.

हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी काही बोलले नाही. मी तशीही बोलत नाही. पिवळ्या व्हॅननं इंग्रजी शाळेत जाणारी गावातली मी एकटीच. तो झेडपीच्या शाळेच्या भिंतीवर बसून ओरडायचा, "मॅडम, टाटा!" मी मान खाली घालायचे. शाळेत मी इंग्रजीत गप्प बसायचे आणि गावात मराठीत.

दुसऱ्या वर्षी गावानं ठरवलं की शाळेच्या फाटकाजवळ काळा ग्रॅनाइट बसवायचा, त्यावर त्याचा चेहरा कोरायचा. सरपंच काका त्या समितीचे अध्यक्ष. ते नात्यानं काका नाहीत, पण आमच्या गावात वयानं मोठा असलेला माणूस काका होतोच. चेहरा पास करायला मोठ्या आईला हिंगोलीला दगडवाल्याच्या दुकानात न्यायचं होतं. दगडावर एक ओळ इंग्रजीत टाकायची त्यांची इच्छा होती, म्हणून जीपमध्ये मलाही घातलं.

मोठ्या आईनं पिशवीतून स्वतःजवळचा त्याचा फोटो आणला होता. मीच मोबाइलवर काढलेला, तिनं बाजारातून छापून आणलेला. त्यात तो बैलाच्या दावणीजवळ उभा राहून तोंड भरून हसतोय आणि समोरचा एक दात अर्धा तुटलेला स्पष्ट दिसतोय.

दगडवाल्यानं आमच्यासमोर कॉम्प्युटरचा पडदा फिरवला. समितीनं आधीच पाठवलेला तोच फोटो होता, पण बैल गेला होता, अंगावर वर्दी आली होती, आणि तोंड मिटलेलं होतं. बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसासारखा तो आमच्याकडे बघत होता.

"ह्यो कोण?" मोठ्या आईनं विचारलं.

"आई, आपलेच साहेब आहेत," दगडवाला म्हणाला.

"माझा न्हाई ह्यो. तोंड कोणी शिवलं ह्याचं?"

सरपंच काकांनी खुर्ची पुढं ओढली. "वैनी, हुतात्म्याचं तोंड बंदच राहतं. सेनगावला बघा, औंढ्याला बघा. दात काढलेला हुतात्मा कुठं पाह्यला का?"

"दात काढून न्हाई राहिला त्यो. हसून राहिला."

"तेच झालं ना."

"तेच कसं? तुमी हसता तवा तेच आसंल. माझं लेकरू हसतंय. मला त्येचं तोंड पाहिजे. तवा पेटी उघडू दिली न्हाई, आता दगडावर तरी दाखवा."

मागच्या खोलीत मशीन कोणाच्या तरी आजोबांच्या मिशा घरघर करत कोरत होतं. दगडवाला भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं, "आई, मशीन काळ्या दगडावर पांढरे ठिपके मारते. दात आले की तिथं पुरा पांढरा पट्टा येतो. आणि उसमें एक आधा टूटा हुआ. लोकांना वाटेल दगडच फुटला. मला फोन करतील."

त्यावर सरपंच काकांना मार्ग सुचला. त्यांना मार्ग सुचला की ते मांडीवर थाप मारतात.

"ठेवू की दात! खाली ओळ टाकू मंग. 'भरतीच्या सरावात पडून दात तुटला, पण धावणं थांबवलं नाही.' दाताचा बी मान राहिला, लेकरायला बी प्रेरणा. मॅडम, कर ह्याचं इंग्रजी."

ही गोष्ट गावात पाठ होती. मागच्या पुण्यतिथीला सातवीतल्या एका मुलीनं ती अशी रंगवून सांगितली होती की त्याच्या तोंडातून रक्ताच्या धारा लागल्या होत्या आणि तो तसाच पाच किलोमीटर गेला होता. टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

दगडवाल्यानं माझ्यापुढं कागद आणि पेन सरकवलं. मी पेन उचललं आणि तशीच बसले.

तो दात सेनगावला तुटला होता. मी तेरा वर्षांची होते, तो सोळाचा. नात्यातलं लग्न होतं. कोणीतरी माझ्या हातात कोल्ड्रिंकची बाटली दिली, बूच न काढता. ओपनर घेऊन फिरणारा माणूस माझ्यासमोरून तीनदा गेला, पण त्याला हाक मारायचं माझं धाडस झालं नाही. अर्धा तास मी ती बंद बाटली मांडीवर घेऊन बसले होते. मग हा आला.

"मॅडम, नुसती बघायला दिली का?"

त्यानं बाटली घेतली आणि बूच दातात धरलं. समोरच्या बाजूला नवरीच्या मैत्रिणी बसल्या होत्या हेही खरं. बूच निघालं, त्याच्यासोबत अर्धा दातही निघाला. त्यानं तुकडा तळहातावर थुंकला, जरा वेळ बघितला आणि माझ्या हातात ठेवला.

"घरी सांगू नको. भरतीवाले दात मोजतेत म्हणे. आता तरी पी."

मी प्यायले. कोमट होतं. घरी त्यानं सांगितलं की पळण्याच्या सरावात पडलो. तो तुकडा मी कंपासपेटीत बरेच दिवस ठेवला होता. कधी हरवला ते आठवत नाही.

समोरचा कागद कोराच होता. ओळ लिहून दिली असती तर दात राहिला असता, मोठ्या आईला तोंड मिळालं असतं. खरं सांगितलं असतं तर सरपंच काकांनी दात काढून टाकला असता, आणि मोठ्या आईला कळलं असतं की तो खोटं बोलला होता, आणि माझ्यामुळे दात गेला होता. गप्प बसणं सोयीचं होतं. त्यात मी तरबेज आहे. पण ती ओळ दगडावर जाणार होती. भाषण वाऱ्यावर जातं, दगड तिथंच राहतो, आणि मला रोज त्याच रस्त्यानं जावं लागतं.

"तो पळताना नव्हता पडला," मी म्हणाले.

दगडवाल्यानं आत जाऊन मशीन बंद केलं. त्याच्या घरघरीत कोणालाच ऐकू गेलं नव्हतं.

मला ते पुन्हा सांगावं लागलं. बाटली, बूच, नवरीच्या मैत्रिणी, सगळं. सांगताना मी टेबलाकडे बघत होते.

सरपंच काकांनी आधी दुकानाच्या दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना. मग हळूच म्हणाले, "बाई, हे इथंच राहू दे. लेकरं दोन वर्षं झाले भाषणं करून राहिले."

मोठी आई फोटोकडे बघत होती.

"बाटलीपायी?" ती म्हणाली.

"हो."

"पळताना न्हाई पडला?"

"नाही."

"आन् मी पंधरा दिस शिरा करून घातला त्येला! चावाया येईना म्हून! साजूक तुपातला!" तिनं फोटो टेबलावर आपटला. "पंधरा दिस! रोज इचारलं, बाबा लई दुखतंय का? तर म्हणे, व्हय आई, अजून थोडा वाढ. भाड्या! भाड्यानं पंधरा दिस शिरा हाणला फुकटचा!"

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती हसतच होती, आणि हसता हसता फोटोतल्या गालावर बोटानं टिचक्या मारत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या तोंडी भाड्या झाला होता.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दगडवाल्याला म्हणाली, "दात कोर. आर्धाच कोर. पुरा केलास तर दगड घेणार न्हाई."

"आन् खाली काय लिव्हायचं मंग?" सरपंच काकांनी विचारलं.

"नाव लिव्हा. आजून काय लिव्हता? बाटली?"

इंग्रजी ओळ राहून गेली. दगडवाल्यानं तो दात मशीननं नाही केला. छिन्नीनं, हातानं केला. म्हणाला, मशीनला अर्धं समजत नाही.

दगड आता शाळेच्या फाटकाजवळ आहे. भाषण बदललेलं नाही. ते प्रेरणादायी आहे असं सरपंच काकांचं मत आहे. नवीन माणूस आला की आधी बोट लावून बघतो आणि म्हणतो, इथं दगड फुटलाय जरा. परवा मी आणि मोठी आई शेताकडे निघालो होतो. ती दगडापाशी थांबली, पदराला थुंकी लावून तिनं तो दात पुसला आणि म्हणाली, "भाड्या, किती धूळ खातूस."

मग डोक्यावरची चुंबळ नीट करून पुढं चालायला लागली.