हललं तर तुमचं

तात्या कुणाच्याही घरात शिरले की रामराम नाही, पाणी नाही. जी वस्तू हाताशी येईल ती दोन्ही हातांनी धरायची आणि गदागदा हलवायची. भिंतीवरचं कपाट, न्हाणीघरातला गिझर, ओट्याखालची ट्रॉली, आणि एकदा अंधारात सोफ्यावर बसलेले घरमालकसुद्धा. मग घर विकणाऱ्याकडे वळून निकाल द्यायचा, "हललं तर तुमचं, न्हाय हललं तर घराचं." संपलं. कोर्ट उठलं.

मी बारामतीत घरं विकून देतो. एजंट. तुम्ही लगेच म्हणाल, एजंट म्हणजे थापा मारणार. मारतो की. पण तात्यांच्या बाबतीत थाप मारायची मला कधी गरज पडली नाही. थोडं फुगवून सांगेन, तेवढी हवा तुमची तुम्ही काढून घ्या.

घर विकणं सोपं असतं, मंडळी. भाव ठरतो, खरेदीखत होतं, पेढे वाटले जातात. खरी लढाई किल्ली द्यायच्या दिवशी. घेणारा घर बघायला आलेला असतो तेव्हा पंखे गरगरत असतात, नळाला शॉवर असतो, दारावरची बेल चिमणीसारखी चिवचिवत असते. किल्ली घेऊन आत शिरतो तेव्हा छताला नुसते हुक. कन्हेरी रस्त्याला एका गुरुजींनी घर विकलं, त्यांनी तर नळाच्या तोट्या, बटणांचे बोर्ड, दाराचे स्टॉपर, सगळं टेम्पोत भरलं होतं. खिडक्यांचे गज तेवढे शिल्लक होते, तेही टेम्पोत जागा उरली नाही म्हणून, असं माझं प्रामाणिक मत आहे. घेणारा ऊसवाला गडी. तो टेम्पोसमोर आडवा झोपला. गुरुजी म्हणाले, "चालव रे वरून."

तेवढ्यात शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवरून एक टक्कल वर आलं. "काय चाललंय?"

ते तात्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं, भिंतीवर ठेवलेल्या भोपळ्यासारखं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "टेम्पोतलं समदं परत जाग्यावर लावा. मग बघू."

आणि लावायला लावलं हो! अख्खी दुपार गुरुजी आपल्याच घरात शिडीवर चढून पंखे टांगत होते. मग तात्यांनी एकेक वस्तू हलवली. आरसा हलला, गुरुजींचा. तोटी हलली नाही, घराची. पंख्यापाशी ऊसवाला ओरडला, "तात्या, पंखा तर फिरतोच, त्यो काय मोजायचा?"

"फिरणं येगळं, हलणं येगळं. ह्यो बघ, हाताला झुलतोय. म्हंजी गुरुजींचा. हुक हलतोय का? न्हाय. हुक तुझा. लाव तुझा पंखा."

दोघंही गप्प झाले. न्याय पटला म्हणून की हात दुखत होते म्हणून, देव जाणे. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक सौद्यात तात्या पंच.

ही अक्कल आली कुठून? तात्यांनी अख्खी नोकरी वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेली, आणि अख्खा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये. क्वार्टर सोडताना जसं मिळालं तसं परत द्यायचं, ही तिथली रीत. आपला बल्ब आपण काढून न्यायचा, आपल्या खिळ्यांची भोकं आपण बुजवायची. तात्या भोकं बुजवायचे ते टूथपेस्ट आणि खडूच्या पुडीनं. वर बोटानं असं काही घासायचे, की भिंत स्वतःच विसरून जायची आपल्याला कधी खिळा होता ते. "निवृत्त झालो तवा क्वार्टर तपासायला सायेब आला," ते सांगायचे. "भिंतीवर बॅटरी मारून मारून दमला. मला म्हणतो, तुमी हितं खरंच राहत व्हता ना?"

हे सांगून तात्या हसायचे. आत स्वयंपाकघरातून काकींचा आवाज यायचा, "सांगा, परत एकदा सांगा! पाव्हण्यानं ऐकलं नसंल!"

काकींना मी पाहिलं ते पाईप धरून चालतानाच. त्यांचे गुडघे गेलेले, मग कंबर गेली. तात्यांनी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून वळून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला स्टीलचा पाईप बसवला होता. काकी त्याच्यावरून हात सरकवत चालायच्या, चहा टाकायच्या, परत यायच्या. त्यांची कंबर वाकत गेली तसतसा तात्यांनी पाईप खाली खाली आणला. वरची भोकं बुजवायची, खाली नवी पाडायची. मी एकदा म्हणालो, "तात्या, गवंडी बोलवा की." तर म्हणाले, "तिचा हात कुठं पोचतो ते गवंड्याला काय म्हाईत?"

मग काकी गेल्या.

त्यानंतर तात्या निकाल द्यायला लवकर यायला लागले. दहाला बोलावलं तर नवालाच दारात, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेचकस. निकाल लागला तरी उठायचे नाहीत. विकणारा टेम्पोत, घेणारा मुहूर्त शोधायला, आणि तात्या रिकाम्या घरात जिन्याच्या पायरीवर. "चला, सोडतो," म्हटलं की, "बसा की एजंटराव, कुठं आग लागलीय?" मी बसायचो. रिकाम्या घरात आवाज घुमतो, त्यामुळे दोन माणसं बोलली तरी चार बसल्यासारखी वाटतात. त्यांना ते आवडत असावं.

एजंट म्हणजे लबाड, हे वर आलंच आहे. मी भांडणं लावायला लागलो. जिथं सगळं गोडीगुलाबीनं चाललंय तिथं विकणाऱ्याच्या कानात सांगायचो, "टॉवेलचा दांडा सोडू नका, भारीतला आहे." आणि घेणाऱ्याच्या कानात, "दांडा गेला तर घराची शोभा गेली." दोघं पेटले की तात्यांना फोन. "तात्या, फार वाढलंय हो, लगेच या." तिकडून आवाजातच तरतरी यायची. "आलोच! हात लावू देऊ नका कुणाला!" टॉवेलच्या दांड्यावरून मी इंदापूर तालुक्यात जेवढी भांडणं लावली तेवढी पाण्यावरूनसुद्धा झाली नसतील.

एक निकाल मात्र त्यांना लागला. म्हणजे त्यांनी दिला, आणि त्यांनाच लागला. इंदापूरला एका बेकरीवाल्या चाचांनी घर विकलं, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाल्याला. फाटकाच्या खांबात संगमरवरी पाटी बसवलेली, 'शबनम'. चाचांची मुलगी. लहानपणीच तापानं गेली होती. चाचा म्हणाले, "तात्या, बाकी समदं ठेवतो. एवढी पाटी नेऊ द्या."

तात्यांनी पाटीला हात लावला. हलवलं. पाटी सिमेंटात होती, पहाडासारखी.

"चाचा," तात्या म्हणाले, "न्हाय हललं."

"म्हाईत हाय मला. म्हनूनच इचारतोय."

स्पेअर पार्टवाला म्हणाला, खांब फोडला तर फाटक लोंबेल. तात्या बराच वेळ पाटीवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "घराचं."  चाचांनी शिरखुर्मा करून ठेवला होता, तो तात्यांनी घेतला नाही. एसटीत बारामतीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. स्पेअर पार्टवाला त्या 'शबनम'मध्ये अजून राहतो. त्याच्या नातीला गल्लीतली पोरं शबनमच म्हणतात, ती ओ देते. चाचा ईदला त्या रस्त्यानं जातात तेव्हा फाटकापाशी चपलेचा अंगठा नीट करायला थांबतात. चप्पल दरवर्षी तिथंच बिघडते.

शेवटी तात्यांनीच घर विकायला काढलं. मुलगी पुण्याला, ती म्हणाली, एकटे नका राहू. गिऱ्हाईक मीच आणलं, एमआयडीसीत नोकरी करणारा तरुण, बायको आणि लहान बाळ. चांगली माणसं. माझ्या ऑफिसात बसून त्यांनी तात्यांच्या निकालांच्या गोष्टी पोट धरधरून ऐकल्या. मी सांगितल्याही रंगवून. माझी जीभ, तिला कोण आवरणार.

सौदा ठरल्यावर तात्या मला अंगणात घेऊन गेले. "एजंटराव, समदं ठेवतो. पंखे, गिझर, दोन्ही टाक्या. तेवढा पाईप माझ्याकडं ऱ्हायला तर…"

वाक्य अर्धं सोडलेलं तात्यांचं ते पहिलंच.

"मुलीकडे बसवणार?"

"बसवायचा कशाला? नुसता असू द्या."

मी त्या तरुणाला विचारलं. तो हसून म्हणाला, "काका, तो पाईप कुठं हलतोय? तुम्हीच तर सांगितलं, न्हाय हललं तर घराचं!" बायको म्हणाली, "बाळाचे कपडे वाळत घालायला किती छान आहे तो." त्यांना काय माहीत. मी सांगायला तोंड उघडलं, तर मागून तात्यांनी माझा दंड धरला. "ऱ्हाऊ द्या. माझ्या दुःखावर सौदा नको."

बरं. मग लबाडीशिवाय माझ्याकडे दुसरं काय होतं? किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी तात्या गॅसचं कार्ड बदलायला गेले होते. मी मागच्या दारानं शिरलो आणि पाईपाचे स्क्रू एकेक करून सैल केले. घाम निघाला, मंडळी. त्या स्क्रूंना तात्यांनी असं काही आवळलं होतं, की एकेका स्क्रूनं माझं आठवड्याचं जेवण खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. तात्या स्वतःच विकणारे आणि स्वतःच पंच. एकेका वस्तूला हात लावत, निकाल देत पाईपापाशी आले. दोन्ही हातांनी धरला. हलवला.

पाईप खडखडला.

"हलला!" मी असा ओरडलो की आईच्या कडेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. "हलला, तात्या! तुमचा!"

तरुणाचं तोंड पडलं, पण तोही म्हणाला, "बरं, न्या काका. नियम म्हणजे नियम."

तात्यांनी पाईपाकडे पाहिलं. स्क्रूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं, तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी खिशातून पेचकस काढला, खाली बसले, आणि एकेक स्क्रू आवळायला लागले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. तिथून वळून स्वयंपाकघरापर्यंत.  तरुणाची बायको बाळाला थोपटत होती.

उठून त्यांनी पाईप परत हलवला. नुसती भिंत.

"एजंटराव," ते म्हणाले, "माझी बायकू ह्येच्या भरवशावर चालायची. ह्यो सैल कसा आसंल?"

मी खाली मान घातली.

"आन् चाचाचा दगड ठिवायला लावला मी. आता माझा पाईप न्यू व्हय?" मग तरुणाकडे वळून नेहमीच्या आवाजात, "न्हाय हललं. घराचं."

जाताना त्यांनी एकच वस्तू नेली. ओट्यावरचा बल्ब. क्वार्टरची सवय. मुलीच्या गाडीत मागच्या सीटवर बसले, दोन्ही बाजूंना पिशव्या, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला बल्ब, तान्ह्या पोरासारखा धरून.

पुण्याला मी एकदा भेटायला गेलो. दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळी कपाटं भिंतीत, बटणं भिंतीत, दिवेसुद्धा छतात बुजवलेले. मुलगी फार चांगली, जावई त्याहून चांगला. तात्यांचा बल्ब कपाटात, टॉवेलासकट. त्याला जागाच नव्हती कुठं.

"हितं समदं घट्ट हाय, एजंटराव," ते हळूच म्हणाले. "पैल्याच दिवशी बघितलं मी. काय म्हंजी काय हलत न्हाय." थोडं थांबून, "दिवसभर घरात हलणारा मी एकटाच."

मी हसलो, कारण ते हसावं म्हणून बोलले होते. निघताना म्हणाले, "कुठं भांडण असंल तर फोन करा. येतो मी. गाडी न्हाय मिळाली तर एसटीनं."

मी तीन-चार भांडणं लावूनही ठेवली होती. पण मुलीचाच फोन आला, तात्या गेले.

परवा तात्यांच्या त्या कन्हेरी रस्त्याच्या घरी गेलो होतो. तरुणाला वर मजला चढवायचा आहे, नकाशासाठी बोलावलं होतं. घराला नवा रंग दिलाय, फिकट निळा. पाईपावर बाळाचे कपडे वाळत होते, आता बाळ शाळेत जातं, त्यामुळे मोजे जरा मोठे. मी त्यातून हात घालून भिंतीवर तळवा ठेवला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तात्यांचं काम. पण तळव्याला लागलं. पाईपाच्या वर एक गुळगुळीत ठिपका. त्याच्या वर, थोड्या अंतरावर, आणखी एक. त्याच्याही वर एक, जिथं काकी ताठ चालत असताना त्यांचा हात पोचायचा.

"काका, भिंतीत ओल आहे का?" तरुणानं विचारलं. "खरवडून नवीन प्लास्टर करून घेऊ?"

"नको," मी म्हणालो. "घराचं आहे ते. राहू द्या."